थांब म्हणायचं कुणी

राग माझ्या नाकावर असतो, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर दुसऱ्या कुणी सांगायला नको. लहानपणापासून तसंच आहे. आई म्हणायची, हिला पाळण्यात घातली तेव्हाही ही पाळण्याशी भांडत होती. नोकरी लागल्यावर तरी शांत होईल असं घरच्यांना वाटलेलं, तर नोकरीने उलट मला भांडायला कारण दिलं.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, कोपरीच्या चाळीतली मुलगी. ठाण्यात नौपाड्याला एका इंजिनिअरच्या छोट्या ऑफिसात लागले. इमारतीचे बीम, कॉलम, स्लॅब किती जाड, त्यात सळ्या किती, हे ठरवून देण्याचं आमचं काम. साहेब पन्नाशीचे, बोलायला कमी आणि चहाला जास्त.

साहेबांची एक पद्धत होती. नवं काम आलं की आकडेमोडीला हात लावण्याआधी ते कुठल्या ढिगात टाकायचं ते ठरवायचे. टेबलावर तीन ढीग. पहिल्यातलं काम आमच्यापैकी कुणीही एकट्याने करावं. दुसऱ्यातलं काम साहेब स्वतः पानन् पान बघणार आणि साइटवर जाणार. तिसऱ्यातल्या कामाला साहेबांची नजरसुद्धा पुरेशी नाही, ते बाहेरच्या एखाद्या जाणत्या माणसालाही दाखवायचं आणि साइटवर सगळ्यांसमोर ठरवायचं की काम थांबवायचा शब्द कुणाचा.

मला वाटलं, यात काय एवढं, मोठं काम तिसऱ्या ढिगात. घोडबंदर रोडला एका गोदामाचं काम आलं. लांबच लांब, नकाशा टेबलाबाहेर लोंबत होता. मी ते तिसऱ्यात ठेवलं. त्याच दिवशी डोंबिवलीच्या एका दवाखान्याची गॅलरी वाढवायची म्हणून एक गृहस्थ आलेले. ते काम मी पहिल्यात टाकलं. साहेबांनी दोन्हींची अदलाबदल केली.

मी अर्थातच तोंड उघडलं. साहेब म्हणाले, "गोदामात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आहे. एकदा बरोबर केलीस की सगळीकडे बरोबर. खाली पोती राहणार. गॅलरीखाली पेशंटची रांग असते, आणि दवाखाना एक दिवस बंद ठेवायला ते तयार नाहीत. मालक तिघे भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत. काम केवढं आहे ते विचारू नकोस. किती जणांचे हात लागणार, चुकलं तर मागे फिरता येतं का, पडलं तर कुणाच्या डोक्यावर पडेल आणि थांब म्हणणारा कोण, ते विचार."

हे मला पटलं. इतकं पटलं की मी घरीदारी सगळ्यालाच ते प्रश्न लावायला लागले. मावसबहिणीचं लग्न मी तिसऱ्या ढिगात टाकलेलं, आणि तिथे झालं पण तसंच, तो विषय वेगळा.

त्याच सुमाराला आमच्या वस्तीत विहार बांधायचं ठरलं. आमच्या चाळींच्या मागे खाडीकडे एक मोकळी जागा होती, भराव घालून सपाट केलेली. तिथे कित्येक वर्षं पत्र्याची शेड होती. पौर्णिमेला वंदना तिथेच व्हायची, लग्नं तिथेच लागायची. आता पक्का हॉल हवा होता. त्यासाठी घराघरातून वर्गणी निघालेली. कमिटी होती आणि कमिटीचे अध्यक्ष माझे बाबा.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरला होते. पांढरा शर्ट, शांत आवाज. वस्तीत त्यांना फार मान, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. रस्त्यात दिसले की माणसं सायकलवरून उतरून जयभीम करायची. कुणाच्या घरी भांडण झालं तरी बाबांना बोलावणं यायचं. आमच्या घरात आवाज चढवणारी मी एकटीच होते.

कमिटीसाठी हॉलचा नकाशा केला तो मिस्त्रीकाकांनी. ते वस्तीतलेच, जन्मभर बांधकामावर गेलेले, चांगल्या हाताचे. कोपरीतली किती तरी बैठी घरं त्यांनी उभी केलेली. नकाशात हॉलच्या मधोमध एक कॉलम होता, तो कमिटीने काढून टाकला. बुद्धमूर्ती मधोमध बसवायची, तिच्या अगदी पुढ्यात खांब आला तर मागे बसणाऱ्याला दर्शन कसं होणार? मिस्त्रीकाका म्हणाले, ठीक आहे, सळई वाढवू. झालं. कॉलम गेला.

मी तो नकाशा घरी ताटाशेजारी पसरून बघितला आणि माझा घास हातातच राहिला. हॉल तसा लहानच. पण मधे आधार नाही, खालची जमीन भरावाची, आणि स्लॅब टाकणार कोण, तर सगळी वस्ती. श्रमदान. कंत्राटदार नाही, मजूर नाहीत. आबालवृद्ध घमेली उचलणार. साहेबांच्या चारही प्रश्नांची उत्तरं मी मनात देऊन पाहिली. हे काम सरळ तिसऱ्या ढिगातलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नकाशा साहेबांना दाखवला. त्यांनी सळ्या वाढवून दिल्या, बीम खोल करून दिला, त्याबद्दल काही घेतलं नाही. मग म्हणाले, "कागदावर झालं. पण हे काम कागदावर पडणारं नाही, टाकताना पडेल. मी स्लॅबच्या दिवशी येऊन उभा राहतो म्हणाव. आणि ते नको असेल तर निदान थांब म्हणणारा एक माणूस ठरवा. एकच."

मी ते कमिटीच्या बैठकीत सांगितलं. शेडमध्ये सतरंजीवर सगळे बसलेले. सुधारलेला बीम मिस्त्रीकाकांनी लगेच मान्य केला, तेवढे ते मोठ्या मनाचे होते. पण बाहेरचा इंजिनिअर म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे बंद झाले. एक जण उठून म्हणाला, "आजपर्यंत आपल्याला सगळं कुणी ना कुणी दिलं. विहिरीचं पाणीसुद्धा वरून ओतून दिलं. हे एक तरी आपल्या हाताने होऊ दे ना." माझ्या आजीला पाणी वरून ओतून मिळालेलं होतं. मला ते माहीत होतं आणि ते बोलणाऱ्यालाही माहीत होतं की मला माहीत आहे.

"बरं, साहेब नकोत," मी म्हटलं, "पण आपल्यातलाच एक जण ठरवा. तो थांब म्हणाला की काम थांबलं पाहिजे. वाद नाही, चर्चा नाही."

मिस्त्रीकाका हसले. "पोरी, एवढासा हॉल. धरण बांधतोय का आपण? सगळेच बघतायत की."

"सगळेच बघतायत म्हणजे कुणीच बघत नाही," मी म्हटलं. "बारभाईची खेती, काय लागेल हाती."

ते जरा जास्तच झालं. मागच्या बाजूने एक मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुटपुटली, "कानामागून आली आणि तिखट झाली." हशा पिकला. मी बाबांकडे बघितलं. ते सतरंजीच्या काठाचा दोरा ओढत बसलेले. अध्यक्ष होते, एका शब्दात मिटवू शकले असते. ते म्हणाले, "विहार सगळ्यांचं आहे. कुणी एक मालक नको." बैठक संपली.

त्या दिवसापासून आमच्या घरात रोज तोच विषय. मी म्हणायची, बाबा, तुम्ही सांगा, तुम्ही अध्यक्ष आहात, तुमचा शब्द कोण मोडणार आहे? बाबा पेपर वर करायचे. मी पेपराच्या पलीकडून बोलत राहायची. आई भाकरी थापता थापता म्हणायची, अगं, जेवू दे त्यांना. मला बाबांचा भयंकर राग आला होता. माणूस इतका हट्टी असू शकतो आणि तेही तोंडातून एक शब्द न काढता, हे मला असह्य होत होतं.

शेवटी एक गोष्ट मात्र मी मिळवली. स्लॅबचा माल घट्ट होईपर्यंत त्याचा सगळा भार खालच्या फळ्या पेलतात आणि फळ्यांना खालून लाकडी बल्ल्यांचे टेकू असतात. हॉलच्या मधल्या भागात टेकू दुप्पट लावायचे, आणि प्रत्येकाच्या बुडाशी जाड फळी घालायची, म्हणजे भरावात रुतणार नाहीत, हे मी मिस्त्रीकाकांकडून वदवून घेतलं. त्यांनी शब्द पाळला. आदल्या दिवशी दुपारी मी स्वतः वाकून आत गेले, एकेक टेकू हलवून पाहिला. मधे इतके दाट होते की अंग चोरूनच जावं लागत होतं. मला जरा बरं वाटलं. म्हटलं, माणूस ठरला नाही तर नाही, लाकडं तरी आहेत.

स्लॅबचा दिवस मे महिन्यातल्या रविवारचा. सकाळपासून ऊन चटचटत होतं. मिक्सर भाड्याने आणलेला, तो कानठळ्या बसतील असा गरगरत होता. मिक्सरपासून फळ्यांच्या उतरणीवरून थेट वरपर्यंत माणसांची रांग. घमेली हातोहात वर जात होती आणि रिकामी खाली येत होती. नव्या साड्या, इस्त्रीचे शर्ट, कपाळावर सिमेंटचे शिंतोडे. पहिलं घमेलं बाबांनी ओतलं, टाळ्या वाजल्या, मग त्यांना वरच एका कोपऱ्यात खुर्ची दिली आणि डोक्यावर छत्री धरली. मी खाली मिक्सरजवळ रांगेत उभी होते. खरं सांगते, त्या क्षणी मलाही भरून आलेलं. मीही हसत होते.

दुपार होत आली तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. घमेलं वरच्या टोकाला पोचलं की माणूस ते लगेच ओतत नव्हता. घेऊन चालत जात होता. ज्या जागेखाली पुढे मूर्ती बसणार, ती जागा मिस्त्रीकाकांनी वर चुन्याने गोल करून दाखवलेली, लोकांना बरं वाटावं म्हणून. आणि प्रत्येकाला आपलं घमेलं तिथेच ओतायचं होतं. आपल्या हातचा माल मूर्तीच्या डोक्यावर असावा, एवढीच इच्छा. म्हातारी माणसं तर हात जोडून, डोळे मिटून तिथे उभी राहत होती आणि त्यांच्या मागे पुढचा नंबर लागलेला. कडेचे भाग रिकामे आणि मधोमध मालाचा ढीग, ढिगाभोवती माणसांची दाटी. नेमकी ती जागा, जिथला कॉलम आम्ही काढलेला.

मी हातातलं घमेलं पुढच्याला दिलं. तरी मनाला समजावलं, मधे टेकू दुप्पट आहेत. खात्री करून घ्यावी म्हणून रांग सोडून मी स्लॅबखाली गेले.

खाली आई होती. आणखी चार-पाच बायका होत्या. सगळ्या वस्तीसाठी खिचडी शिजत होती, कारण त्या माळरानात सावली होती ती एवढीच. खाडीकडच्या कोळी शेजाऱ्यांनी त्यांचा हळदीच्या जेवणाचा मोठा टोप दिलेला, तो तीन दगडांवर चढवलेला. आणि त्याच्याभोवती बायकांना ऐसपैस बसायला जागा होती. काल जिथे मला अंग चोरून जावं लागलेलं, तिथे.

"इथले टेकू कुठे गेले?" मी विचारलं.

"अगं, टोप बसेना," आई म्हणाली. "काल संध्याकाळी आम्हीच सरकवले बाजूला. पाचरी ठोकून काढल्या. काय जड होते बाई." तिला त्या कष्टाचं कौतुक होतं.

तिचा काय दोष? जिने टेकू हलवले तिला कुणी सांगितलं नव्हतं की हलवायचे नसतात. ज्याने लावले त्याला कुणी सांगितलं नव्हतं की इथे चूल पेटणार आहे. आणि मला तर दोन्हीतलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं.

मी वर बघितलं. फळ्या खाली आलेल्या होत्या, पोट सुटल्यासारख्या. फटींतून सिमेंटचं पाणी टपकत होतं. ते खिचडीत पडू नये म्हणून एका मावशीने टोपावर परात झाकलेली. मोकळ्या जागेच्या कडेला उरलेल्या टेकूंपैकी एक वाकलेला होता आणि दर घमेल्याला त्याच्या बुडाची पाचर करकरत होती. धप्प, करकर. धप्प, करकर.

"सगळ्या बाहेर चला," मी म्हटलं. "आत्ता."

"झालीच आहे गं खिचडी," मावशी म्हणाली. "एक वाफ येऊ दे."

बाहेर मिक्सरचा आवाज इतका की ओरडून उपयोग नव्हता. मी उतरणीवरून धावत वर गेले, रांगेतल्या लोकांना ढकलत. बाबांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, मधले टेकू काढलेत, फळ्या वाकल्यात, खाली आई आणि बायका आहेत. "तुम्ही वर काम थांबवा. मी त्यांना बाहेर काढते." बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते खुर्चीतून उठले एवढं मी पाहिलं आणि खाली पळाले.

खाली कुणी हललेलं नव्हतं. मावशीने तर चुलीत नवं लाकूड सारलेलं. मी पाण्याची बादली उचलली, परात उडवली आणि अर्धी टोपात, अर्धी चुलीवर ओतली. राख, वाफ आणि धुराचा लोट उठला. बायका खोकत, मला शिव्या घालत बाहेर धावल्या. सगळ्या वस्तीच्या तोंडचं अन्न मातीत घातलं मेलीने, असं कुणी तरी रडत म्हणालं. आई सगळ्यात शेवटी आली, हातात उलथनं घेऊन. मी तिला दंडाला धरून मिक्सरपर्यंत ओढत नेलं.

आणि मग मी कान देऊन उभी राहिले. मिक्सर बंद व्हायची वाट बघत. तो बंद होईना. वरचं धप्प धप्प चालूच. घमेली माझ्या डोळ्यांसमोरून वर जातच होती. माझ्या मनात आलं, बाबांनी नाहीच थांबवलं. अजूनही नाही. एवढं सांगून नाही.

तेवढ्यात बाबा उतरणीवरून खाली आले. शर्टावर सिमेंटचे डाग. माझ्या बाजूने गेले, माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. वाकले आणि सरळ स्लॅबखाली शिरले. त्या मोकळ्या जागेत, विझलेल्या चुलीपाशी, ओल्या राखेत मांडी घालून बसले.

मला वाटलं माझं डोकं फुटेल. आव्हान देतोय माझा बाप, असंच वाटलं मला. आमचा स्लॅब पडत नसतो, हा बघ मी खाली बसलो. "बाबा, हट्ट कसला करताय," मी किंचाळले. "बाहेर या." ते बघेनात. रांगेतल्या सगळ्यात जवळच्या माणसाला त्यांनी हाक मारली आणि म्हणाले, "वर सांगा, अध्यक्ष खाली बसलाय म्हणून."

तो माणूस गोंधळला. त्याने घमेलं पुढच्याला दिलं आणि निरोपही दिला. घमेल्याबरोबर निरोप हातोहात वर चढत गेला. अध्यक्ष खाली बसलेत. काका खाली बसलेत. मी तो जाताना ऐकत होते. मग वरून एक घमेलं भरलेलंच परत खाली आलं. त्याच्या मागून दुसरं. कुणी तरी मिक्सर बंद केला आणि एकाएकी इतकी शांतता झाली की टेकूची करकर सगळ्यांना ऐकू गेली.

मिस्त्रीकाका धावत आले. त्यांनी वाकून आत बघितलं, मोकळी जागा बघितली आणि हात जोडले. "काका, बाहेर या," ते म्हणाले. "पाया पडतो."

"आधी वरची माणसं उतरू दे," बाबा म्हणाले.

वरची माणसं उतरायला लागली. हळू, एकामागून एक, फळ्यांवर पाय न वाजवता. म्हाताऱ्यांना हात धरून आणलं. प्रत्येक पावलाला मी त्या वाकलेल्या टेकूकडे बघत होते. आई माझ्याशेजारी उभी होती आणि तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलेलं की नंतर तिथे काळंनिळं झालं. तिने बाबांना एकदाही हाक मारली नाही. शेवटचा माणूस खाली आला, मिस्त्रीकाकांनी मान हलवली, मग बाबा हात टेकून उठले आणि बाहेर आले. त्यांनी प्यायला पाणी मागितलं. आईने पेला आणून दिला.

स्लॅब पडला नाही. मिस्त्रीकाकांनी बाहेरच्या बाजूने एकेक टेकू सरकवत मधला भाग कसाबसा उचलून धरला, आणि स्वतःच माणूस पाठवून माझ्या साहेबांना बोलावून घेतलं. साहेब स्कूटरवर आले, खालून वरून बघितलं आणि म्हणाले, माल ओला आहे तोवर काढून टाका. ज्या घमेल्यांनी सकाळी वर नेला त्याच घमेल्यांनी त्याच माणसांनी दुपारी तो खाली आणला. सगळे उपाशी होते, कारण खिचडीवर मी पाणी ओतलेलं.

पुढे बरेच दिवस वस्तीत दोन गट होते. एक म्हणायचा, वाचलो. दुसरा म्हणायचा, पडला कुठे? या दुसऱ्या गटाशी वाद घालता येत नाही, हे मी तेव्हा शिकले. जे झालंच नाही ते दाखवणार कसं? नळावर बायका मला जागा देईनात. आणि घरात मी बाबांशी बोलत नव्हते. माझ्या डोक्यात ते राखेत मांडी घालून बसलेले दिसायचे आणि अंगाची लाही व्हायची. मला खोटं पाडण्यासाठी माणूस जिवावर उदार होतो म्हणजे काय?

पुन्हा बैठक झाली. या वेळी कुणी हसलं नाही. पुढच्या स्लॅबच्या दिवशी साहेबांनी उभं राहायचं ठरलं, मूर्तीसमोर नको तर मूर्तीच्या मागे दोन कॉलम घ्यायचे ठरलं, स्लॅबखाली कुणी जायचं नाही हे ठरलं. मग मिस्त्रीकाका उठले आणि म्हणाले, "आणि थांब म्हणायचा शब्द काकांचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबा म्हणाले, "मला नको. मिस्त्रीला द्या. त्याचा आवाज वरपर्यंत पोचतो." कितीही आग्रह केला तरी ऐकेनात.

बैठकीतून आम्ही दोघं खाडीच्या बांधावरून घरी निघालो. ऊन उतरलेलं. ओहोटीचा वास सुटलेला. इतक्या दिवसांचा राग माझ्या तोंडाशी आलेला होता.

"आता कशाला रुसून बसलात?" मी म्हटलं. "सगळे मान देतायत तर घ्यायचा ना."

"रुसलो नाही गं."

"मग त्या दिवशी तरी का बसलात जाऊन खाली? मला खोटं पाडायला?"

बाबा चालायचे थांबले. "तुला तसं वाटलं?"

"दुसरं काय वाटणार? मी तुम्हाला थांबवा म्हणाले. तुम्ही थांबवलं नाहीत."

ते म्हणाले, "मी थांबा म्हणालो. उठून उभा राहून म्हणालो. मिक्सर बंद करा म्हणालो. टेकूंचं पुढचं वाक्य त्या घरघरीत गेलं. मिस्त्री म्हणाला, काका, स्लॅब मधे थांबवत नसतात, तुम्ही सावलीत बसा. मी परत म्हणालो. तर कुणी तरी माझी खुर्ची पुसून दिली. प्रेमाने दिली, वाईट हेतूने नाही."

मी पायाने एक खडा खाली चिखलात ढकलला.

"माझा मान सगळे ठेवतात," बाबा म्हणाले. "माझं ऐकत कुणी नाही. हे मला खूप वर्षांपासून माहीत आहे. तू रोज म्हणायचीस, तुमचा शब्द कोण मोडणार आहे. मुलीला कसं सांगायचं ते?"

पाण्यावरून एक होडी आत येत होती. ती धक्क्याला लागेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही, नुसतं रडू येत होतं.

"म्हटलं, शब्द नाही ऐकत तर नाही," ते म्हणाले. "पण मी खाली आहे म्हटल्यावर माझ्या अंगावर तरी माल ओतणार नाहीत."

"आणि ओतला असता तर, बाबा?"

त्यांनी खरंच विचार केला. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "तू तुझ्या आईला बाहेर काढलं होतंस ना. ते बघितलं, मगच आत गेलो."